थोटुकल्याचं जनुक

नेकार नदीकाठच्या त्या गावात एवाल्ड रापचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. त्याचे हात फारसे कुणाच्या ओळखीचे नव्हते, आणि त्याला ते बरंच वाटायचं. स्टेशनात गाड्यांच्या घोषणा तो करायचा. काचेमागे बसून, "फलाट तीनवर येणारी गाडी आज उशिरा धावत आहे," हे तो इतक्या भारदस्त सुरात सांगायचा की उशीर करून गाडीनं आपल्यावर उपकारच केलेत असं उतारूंना वाटावं. बायका म्हणायच्या, गडी सहा फुटी असणार. गडी होताच सहा फुटी. हात तेवढे कोपर यायच्या आधीच संपत, आणि टोकाला तीन-तीन बोटं. पुढे रेल्वेनं यंत्राचा आवाज आणला आणि एवाल्डला मागच्या खोलीत कागद लावायला बसवलं. "यंत्राला तर मुळीच हात नसतात. तेव्हा बढती योग्य माणसालाच मिळाली," असं तो म्हणायचा, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही. ऐकणाऱ्याची ती पंचाईत बघायला त्याला आवडायचं.

तो एकसष्ट साली जन्मला. त्या दोन-चार वर्षांत असे हात, असे पाय घेऊन त्या देशात हजारो मुलं जन्मली. कारण होतं झोपेची एक गोळी. अगदी निरुपद्रवी, गरोदर बाईनंही बिनघोर घ्यावी, अशी तिची ख्याती होती. एवाल्ड पाळण्यात असतानाच ती दुकानांतून उठली. कुठल्या घरात ती आली होती हे सांगायला तोवर पाळणे होतेच.

त्याची आई पाउलिने हिनं ती गोळी घेतली होती. हे तिनं कधी नाकारलं नाही आणि कधी मोकळेपणानं कबूलही केलं नाही. नवरा गॉटहिल्फ सुतार होता. तो बायकोला एका शब्दानं बोलला नाही. नुसता गप्प राहून त्यानं तिला जे काही सुनावलं, ते ती चाळीस वर्षं ऐकत होती. तो वारला तेव्हा ती धाय मोकलून रडली ती दुःखानं की सुटकेनं, हे एवाल्डला सांगता आलं नसतं.

एवाल्डला खटकायची ती वेगळीच गोष्ट. आई त्याला हाताला धरायची नाही. रस्ता ओलांडताना बाकीच्या आया पोरांची बोटं धरून न्यायच्या, ही कॉलर धरून न्यायची, जसं काही पोरानं कुणाच्या बागेतली सफरचंदं चोरलीत. खांद्याला धरायची, मानेला धरायची. आंघोळीच्या वेळी हात पुसायची, पण मध्ये टॉवेल असायचाच. प्रेम नव्हतं असं नाही. त्याच्या प्रत्येक शर्टाची बाही ती स्वतः आखूड करायची, इतक्या बारीक टाक्यांनी की शिंप्यानं मान खाली घालावी. आणि त्यासाठी सुई काढायची ती गोळीच्या नळीतून. तपकिरी काचेची, बुचाची, अर्धवट खरवडलेल्या लेबलाची ती नळी बटणांच्या डब्यात कायम असे. लहानपणी एवाल्डला वाटायचं, ही आपल्या माणसांची नेहमीची काटकसर. नळी चांगली आहे, बूच घट्ट बसतं, टाकायची कशाला? मोठेपणी त्याला कळलं की आई दर टाक्यागणिक स्वतःला टोचून घेत होती. आणि मग त्याला तिची कीव आली नाही, रागच आला. एवढं टोचून घेण्यापेक्षा एकदा हात धरला असता तर काय बिघडलं असतं?

त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी बहीण रोझवीटा. गल्लीतली पोरं एवाल्डला 'श्टुंपले' म्हणायची. त्या भागातल्या, श्वाबियाच्या बोलीत कशालाही 'ले' लावला की ते लाडाचं होतं, शिवीसुद्धा. मराठीत म्हणायचं तर थोटुकला. रोझवीटा त्या पोरांना पकडून चोप द्यायची आणि घरी येऊन फाटक्या फ्रॉकबद्दल स्वतः चोप खायची. पुढे ती विद्यापीठात गेली आणि माशांच्या नादी लागली.

पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावतात त्या बारीक फळमाशा. प्रयोगशाळेत त्या बाटल्यांतून पाळायच्या, मक्याचं पीठ आणि काकवीची खळ खायला घालायची, औषध पाजून त्यांच्या पिलावळीत बिघाड घडवायचा, आणि मग गॅसनं गुंगवून बारीक कुंचल्यानं एकेक माशी सरकवत बघत बसायचं की कुणाचं काय बिघडलं. जे बिघडलं त्यावरून शोधायचं की ते घडवणारं जनुक कोणतं. रोझवीटाच्या अंगाला कायम त्या काकवीचा आणि यीस्टचा आंबूस वास यायचा. बाकीचे कुणी डोळे बघत, कुणी पंख. ही पाय बघायची. का, ते घरात कुणी विचारलं नाही. सगळ्यांना वाटायचं आपल्याला माहीत आहे.

तिला एक माशी सापडली. तिचे सहाही पाय गुडघ्यापाशी संपत होते. त्या दिवशी तिनं स्टेशनात फोन केला.

"एवाल्ड, मला जनुक सापडलं. नाव मला ठेवायचंय. सापडेल त्यानं ठेवायचं, अशी आमच्यात रीत आहे."

"मग ठेव की. मला कशाला विचारतेस? मी काय पाद्री आहे?"

"नाव बिघाडावरून ठेवतात. जनुक गेलं की काय होतं, त्यावरून. इथं पाय गेले. आता..." ती अडखळली.

एवाल्डला तिच्या मनातलं लगेच कळलं. तो हसला. "ठेव की माझं. गल्लीतल्या पोरांनी फुकटात दिलेलं आहे, वापरून जुनं झालंय, पण टिकाऊ आहे."

"वेडा आहेस का? मी तसं नव्हते म्हणत."

"तसंच म्हणत होतीस. थांब जरा, गाडी आली." त्यानं फोन बाजूला धरून गाडीची घोषणा केली आणि परत आला. "पण एक सांग. ज्या माशीत हे जनुक धड आहे, तिचे पाय धड?"

"हो."

"आणि नाव थोटुकला?"

"हो. ते नसलं की थोटी होते, म्हणून थोटुकला."

"म्हणजे तुमच्यात 'आंधळा' नावाचं जनुक डोळे देत असेल."

"तसलं एक आहे खरं."

"धन्य आहात. ठेव, ठेव. निदान जगात एक तरी थोटुकला पाय वाटत फिरेल."

प्रयोगशाळेत त्या नावावर सगळे खो खो हसले. प्राध्यापकांनी बिअर पाजली. थोटुकला छापून आला, जगभर गेला, आणि ज्यांच्या जिभेला ते नाव झेपत नव्हतं तेही ते उच्चारू लागले. एवाल्ड स्टेशनात सगळ्यांना सांगायचा, "माझ्या नावाचं जनुक आहे. तुमच्या नावाचं काय आहे? पाटीवर पार्किंग?"

पुढची वीस-पंचवीस वर्षं रोझवीटा त्या एका जनुकामागे होती. नोकरी कधी पक्की झाली, कधी कच्ची, लग्न राहून गेलं. थोटुकला भुंग्यात सापडला, कोळ्यात सापडला, मग उंदरात सापडला आणि शेवटी माणसात. कोट्यवधी वर्षांपूर्वी माशी आणि माणूस वेगळ्या वाटांनी गेले, तरी दोघांनी ते जनुक जवळजवळ अक्षरशः सांभाळून ठेवलं होतं. ही बातमी घेऊन रोझवीटा घरी आली तेव्हा आई मटारच्या शेंगा सोलत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि खालच्या मानेनं एकच विचारलं.

"म्हणजे ते रक्तातूनही येऊ शकतं? हाताचं?"

"कुणास ठाऊक, आई. बघावं लागेल."

तेव्हापासून दर नाताळाला, दर ईस्टरला आई विचारायची, "निघालं का काही?" जुन्या वर्तमानपत्रात तिनं कुठंतरी वाचलं होतं की काही मुलांचं गोळीमुळे नसेल, घराण्यातच असेल. तेवढ्या एका वाक्यावर ती बाई तगून होती. गोळी की रक्त, एवढाच प्रश्न होता. रक्त निघालं असतं तर ती सुटली असती.

एवाल्डला हे सगळं दिसत होतं, आणि त्याला ते आवडत नव्हतं. कारण त्याचा जीव नेमका उलट्या गोष्टीत अडकला होता. लोकांनी बसमध्ये टक लावून बघितलं, मुलींनी नजर चुकवली, नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी घसा साफ केला, तरी एक गोष्ट कुणी त्याच्यापासून काढून घेऊ शकत नव्हतं. तो मुळात नीट घडत होता. बाहेरून काहीतरी आलं आणि त्यानं मोडतोड केली. सदोष माल म्हणून तो जन्माला आला नव्हता. हे तो कुणाला सांगायचा नाही, पण दाढी करताना आरशात बघायचा तेव्हा याच एका गोष्टीच्या जोरावर बघायचा.

मग उंदरांनी आईच्या आशेचा घात केला. रोझवीटाच्या ओळखीच्या लोकांनी उंदरातून थोटुकला काढून टाकला. पाय शाबूत, नखंसुद्धा शाबूत. उंदीर बहिरे निघाले. जनुक तेच, अक्षरं तीच, पण वाटेत कुठेतरी त्यानं धंदा बदलला होता. माशीत पाय घडवायचं, उंदरात कान.

"आणि माणसात?" एवाल्डनं विचारलं.

"माणसातही कानच असणार," रोझवीटा म्हणाली. "पण तुझं रक्त एकदा बघते."

"माझे कान ठणठणीत आहेत. मी रेल्वेत होतो."

"तरी बघते."

ती एवढी हट्टाला का पेटली, ते त्याला तेव्हा कळलं नाही. त्यानं दंड पुढे केला. डॉक्टरीण बाईंना शीर सापडायला वेळ लागला आणि तो त्यांना म्हणाला, "घाई नका करू, हातचा कुठे जातोय?" बाई बिचारी लाल झाली.

शेवटी एका शनिवारी बहिणीनं त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. तिनं दोन नळकांड्या त्याच्यासमोर धरल्या. पहिलीत तळाशी माशा पडल्या होत्या आणि गुडघ्यांवर सरपटत होत्या. दुसरीत माशा काचेवरून सरसर वर चढत होत्या.

"दोन्ही थोटुकल्यावाचूनच्या," रोझवीटा म्हणाली. "या दुसऱ्यांत मी माणसाचा थोटुकला घातला. त्याला पाय घडवायचं अजून आठवतं. बघ, सहाच्या सहा."

"कुठल्या माणसाचा?"

"तुझा."

एवाल्ड मायक्रोस्कोपवर वाकला. गुंगलेल्या माशीचे पाय भिंगाखाली स्पष्ट दिसत होते. सांधे, केस, टोकाला इवलीशी दोन नखं. कमालीचे नेटके पाय होते ते. तो बराच वेळ बघत राहिला.

"म्हणजे माझ्या जिवावर माशा चालायला लागल्या," तो म्हणाला. "आणि मला?"

"तुझा थोटुकला धड आहे. एका अक्षराची चूक नाही. हाताशी त्याचा संबंधच नाही."

"म्हणजे गोळीच."

"गोळीच."

त्याला आतून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. "आईला काय सांगणार?"

"आहे ते."

"शहाऐंशी वर्षांची बाई आहे. खोटं सांग काहीतरी."

"मी खोटं सांगत नाही. तुला माहीत आहे."

माहीत होतंच. डासाला आठ पाय आहेत असं पाद्रीबुवा प्रवचनात म्हणाले तेव्हा ही भर चर्चमध्ये उभी राहून "सहा!" म्हणाली होती. गाव अजून तो किस्सा सांगत असे.

दुसऱ्या दिवशी रविवार. आईकडे दुपारच्या कॉफीला चौघं. आई, रोझवीटा, एवाल्ड आणि बापाची बहीण मार्ता आत्या, जिला एका कानानं ऐकू यायचं आणि दुसऱ्या कानानं सोयीचं तेवढं. टेबलावर आलुबुखारांचा केक होता, मलई होती. आईनं एवाल्डसाठी तुकडे करून ठेवले होते, नेहमीसारखे, आणि बशी त्याच्याकडे सरकवली होती, नेहमीसारखी, बोटं लागू न देता.

रोझवीटानं कप खाली ठेवला. "आई, एवाल्डच्या रक्ताचं कळलं."

आईचा काटा हवेतच थांबला.

"थोटुकला सापडला. पुरता सापडला. जसाच्या तसा."

"एवाल्डमध्ये?"

"हो, एवाल्डमध्ये."

"पोटात असल्यापासून होता?"

"पोटात असल्यापासूनच असणार ना. पण त्याचा अर्थ..."

"मी गोळी घेतली त्याच्या आधीपासून?"

"आधीपासून, हो. पण आई, ऐक तर..."

आई ऐकायच्या पलीकडे गेली होती. तिचा चेहरा असा काही उजळला की एवाल्डनं तो तसा जन्मात पाहिला नव्हता. मुलगी आयुष्यभर एकच शब्द घेऊन घरी येत होती. तो शब्द माशीवाल्यांच्या तोंडी उलटा आहे, थोटुकला म्हणजे थोटं होऊ न देणारा, हे त्या घरातल्या दोघांनाच ठाऊक होतं. आईला कधी कुणी समजावलंच नव्हतं. एवढी वर्षं कुणाला गरज वाटली नव्हती. थोटुकला पोरात सापडला, पोर थोटं, झालं. यात न समजण्यासारखं होतं काय?

"काय सापडलं?" मार्ता आत्यानं चांगला कान पुढे केला.

"एवाल्डमध्ये थोटुकल्याचं जनुक सापडलं!" आई ओरडली. "पहिल्यापासून होतं! गोळीच्या आधीपासून!"

"आमच्या घराण्यातलं नाही हं ते. रापांचे हात बघ, कसे फावड्यासारखे."

"आणि फ्रिट्झकाकांची बोटं कुठे गेली होती?"

"करवतीत गेली ती! तुझ्या नवऱ्यादेखत गेली!"

"करवतीत म्हणे. सगळ्यांचं आपलं करवतीत." आई चक्क हसली. "आणि मला मात्र छप्पन्न वर्षं..."

ती उठली. गुडघे कुरकुरत असताना उठली, कपाटातून बटणांचा डबा काढला, नळीचं बूच उपटलं आणि सगळ्या सुया केकच्या रिकाम्या बशीत ओतल्या. मग नळी घेऊन ती एवाल्डपाशी आली.

रोझवीटानं तोंड उघडलं होतं. एवाल्डला ते उघडणं ओळखीचं होतं. आता 'सहा!' येणार होतं. आणि यावं, असं त्यालाच वाटत होतं. सांग तिला, तो मनात ओरडत होता. सांग, माझ्यात काही खोट नव्हती. माझ्या जनुकावर माशा चालतात म्हणून सांग.

तेवढ्यात आईनं त्याचा हात धरला.

टॉवेल नाही, बाही नाही. तिनं उघड्या हातानं त्याची तीन बोटं आपल्या तळव्यात घेतली, त्यांच्यात ती नळी ठेवली आणि वरून दुसरा हात झाकला. तिचे हात खरखरीत होते आणि गरम होते.

"बिचारा माझा," ती म्हणाली. "तुझ्यातच होतं रे ते. तुझ्यातच होतं, आणि मी वेडी..." तिनं बोटं चाचपली. "किती मऊ आहेत. लहानपणीसुद्धा अशीच असतील."

एवाल्डला तिला झिडकारावंसं वाटलं. ही बाई आपल्यावरचा डाग पुसून त्याच्यावर पुसत होती आणि तेही लाडानं. स्वतः निर्दोष ठरल्याशिवाय तिला पोराचा हात धरवला नव्हता. छप्पन्न वर्षं तिला तिचा गुन्हा पोरापेक्षा जवळचा होता. आणि तरी त्यानं हात मागे घेतला नाही. त्यानं बहिणीकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. नको.

रोझवीटानं तोंड मिटलं.

"नळी फेकून दे आता," आई म्हणाली. "घरात नको ती."

दोघं भावंडं बाहेर पडली. कोपऱ्यावर काचेच्या कचऱ्याच्या पेट्या होत्या, पांढऱ्या काचेची, हिरव्या काचेची, तपकिरी काचेची. एवाल्ड तपकिरीसमोर उभा राहिला.

"पुढच्या रविवारी सांगते तिला," रोझवीटा म्हणाली. "मला हे असं ठेवता येणार नाही. मी बोलले ते खरं होतं, पण तिनं घेतलं ते..."

"खबरदार."

"एवाल्ड, तुझ्याचबद्दल खोटं पसरेल. आत्या उद्या गावभर करेल. तुला चालेल?"

"नाही चालणार. मला किळस येते त्याची." तो तिच्याकडे वळला. "पण तू सांगितलंस की ती हात सोडेल. कळतंय तुला? माझा हात सोडेल आणि ही नळी परत मागेल."

ती भलतंच बोलली.

"मला वाटलं होतं निघेल. रक्तातच निघेल असं मला फार वाटलं होतं रे."

"आईसाठी. माहीत आहे."

"आईसाठी नाही." ती पेटीवरच्या पाटीकडे बघत होती. "मला डांग्या खोकला झाला होता. आई तुझ्या वेळेस दिवसांत होती आणि मी रात्र-रात्र तिला झोपू देत नव्हते. म्हणून डॉक्टरांनी तिला गोळी दिली. मला आठवत नाही. बाबांनी सांगितलं, मी नऊ वर्षांची असताना, कारखान्यात. रंधा मारता मारता म्हणाले, तू तेव्हा एवढी खोकली नसतीस तर."

तिच्या फाटक्या फ्रॉकची, त्या चोपाची, काकवीच्या वासाची, लंगड्या माशांची, सगळ्याची बेरीज एवाल्ड आयुष्यभर चुकीची करत आला होता.

"मला वाटायचं," तो म्हणाला, "तू हे माझ्यासाठी करतेस."

"मलाही तसंच वाटायचं. बरीच वर्षं."

"म्हणजे त्या घरात माझ्या हातांचं दुःख करणारं कुणीच नव्हतं. सगळे आपापली सुटका शोधत होते." हे त्यानं स्टेशनातल्या आवाजात सांगितलं, गाडी रद्द झाल्याचं सांगावं तसं. "बाबा तुझ्यावर घालत होते, आई स्वतःवर. आता माझ्यावर आलं. छान. घरचंच घरात राहिलं."

रोझवीटा रडत होती. तिला जवळ घ्यावं इतका त्याचा हात लांब नव्हता, आणि त्या क्षणी लांब असता तरी त्यानं घेतलं नसतं. निदान ती तरी आईसारखी फसून सुटली असती तर! पण नाव उलटं असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एवाल्डनं तीन बोटांत धरलेली नळी पेटीच्या भोकातून आत सोडली. आत बाटल्यांच्या ढिगावर ती फुटली.

लगेच वरची एक खिडकी उघडली. "ओ! आज रविवार आहे! रविवारी काच टाकत नाहीत, पाटी वाचता येत नाही का?" शेजारच्या श्टाईगर बाई होत्या. मग त्यांनी खाली नीट बघितलं, एवाल्डचे हात बघितले, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अच्छा, तुम्ही होय. असू दे, असू दे."

"असू दे कशाला?" एवाल्ड वर बघून ओरडला. "बोला की! मलाही बोला!"

खिडकी बंद झाली.

आत्यानं काम चोख केलं. आठवड्याभरात बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर लोक म्हणू लागले की पाउलिनेबाईंचा उगीच एवढा जीव गेला, मुलाचं तर रक्तातलंच होतं. रोझवीटा रविवारी येईनाशी झाली. माशांना नवी खळ द्यायची आहे म्हणायची. माशांना रविवार नसतो, हे तिचं म्हणणंही खरंच होतं.

एवाल्ड मात्र दर रविवारी जात राहिला. आई आता त्याच्या शेजारी बसायची आणि कॉफी निवेपर्यंत त्याची बोटं हातात धरून ठेवायची. शेवटी शेवटी तिला फारसं बोलवत नव्हतं, माणसं ओळखू येत नव्हती, पण बोटं ओळखू यायची. चाचपायची आणि म्हणायची, "बिचारा माझा. तुझ्यातच होतं ना रे?"

आणि एवाल्ड, ज्याच्या जनुकावर त्या प्रयोगशाळेतल्या थोट्या माशा अजूनही चालतात, दर वेळी म्हणायचा, "हो, आई. माझ्यातच होतं."